प्रश्नचिन्हांची टपालयादी

मेलिंग लिस्ट बिघडली की संगणकवाल्याला बोलवावे आणि मराठीच्या प्राध्यापकांनी आपला तास घ्यावा, अशी श्रमविभागणी आपल्या महाविद्यालयांत बिनबोभाट मान्य झालेली आहे. तिच्याविरुद्ध आम्हांला काही म्हणायचे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतल्या मराठीच्या काही अध्यापकांनी मिळून २००९ पासून एक टपालयादी चालवली. ती मोडली, दुरुस्त केली, पुन्हा मोडली. या उद्योगातून आमचे असे मत झाले आहे की टपालयादीची मांडणी आणि दुरुस्ती हे मुळात संपादनाचे काम आहे. ते तंत्रज्ञाचे समजून आपण सोडून देतो, तेव्हा आपल्या भाषेतल्या व्यवहाराचे संपादन आपण नकळत दुसऱ्या कुणावर सोपवलेले असते.

आमच्यापैकी कुणालाही प्रोग्रॅमिंग येत नाही. सगळे मराठीचे एम.ए. तरीही यादी काढावी असे वाटण्यामागे दोन कारणे होती. पहिले, २६ जुलै २००५ चा पूर. उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याच्या तळमजल्यावरच्या घरातली टिपणे, चर्चासत्रांचे निबंध आणि जुना पत्रव्यवहार यांचा लगदा झाला. दुसऱ्या कुणाकडे त्याची प्रत नव्हती. दुसरे कारण अधिक रोजचे होते. आमच्यातले निम्मे जण तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. सकाळी उल्हासनगर, दुपारी अंबरनाथ. कर्जतच्या गाडीने ही गावे एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत, पण तासिकेवरच्या माणसाला बसायला स्टाफरूममध्ये खुर्ची नसते, आणि खुर्ची नसली की चर्चाही नसते. यादी ही आमची स्टाफरूम होती.

टपालयादीची कल्पना साधी आहे. एका पत्त्यावर पत्र पाठवायचे, प्रणाली ते सगळ्या सभासदांना पाठवते आणि एक प्रत दप्तरी ठेवते. एरिक टॉमस यांनी १९८६ मध्ये ‘लिस्टसर्व्ह’ लिहिले, तेव्हापासून हे काम यंत्र करू लागले. आम्ही वापरली ती ‘मेलमॅन’ ही प्रणाली. जॉन व्हिएगा यांनी तिची सुरुवात केली. ती मुक्त आहे, कुणालाही बदलता येते. २००२ च्या अखेरीस आलेल्या तिच्या २.१ या आवृत्तीपासून ती अनेक भाषांत बोलू लागली. भाड्याच्या सर्व्हरवर ती आयतीच मिळाली आणि आम्ही मराठीत लिहू लागलो.

पहिला बिघाड महिनाभरात दिसला. ज्यांना प्रत्येक पत्र सुटे जात होते त्यांना सगळे नीट दिसे. ज्यांनी दिवसभराची पत्रे एकत्र मागवली होती, त्यांच्याकडे मात्र ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे पोचत. दप्तर उघडले तर तिथेही तेच, पानेच्या पाने प्रश्नचिन्हे. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या तंत्रज्ञाला फोन केला. तो भला माणूस होता. म्हणाला, “सर, मग इंग्रजीत लिहा ना.”

कारण समजायला आम्हांला जवळजवळ वर्ष लागले, आणि ते आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. या प्रणालीत भाषांची एक यादी असते आणि प्रत्येक भाषेपुढे तिचे संकेतन लिहिलेले असते. आमची टपालयादी काढताना भाषा ‘इंग्रजी’ अशी निवडली गेली होती, कारण मराठी त्या यादीत नव्हतीच. बास्क होती, कॅटलान होती, व्हिएतनामी होती, इंटरलिंग्वा ही बनवलेली भाषादेखील होती, भारतीय भाषा एकही नव्हती. इंग्रजीपुढे संकेतन होते यूएस-आस्की, म्हणजे १२८ जागांचा अमेरिकी तक्ता. एकत्रित टपाल आणि दप्तराची पाने तयार करताना प्रणाली सगळा मजकूर त्या तक्त्यात बसवू पाहत असे, आणि जे बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवत असे. युनिकोडने देवनागरीला दिलेल्या जागाही नेमक्या १२८ आहेत. पण त्या दुसऱ्या घरात.

उल्हासनगरात ‘मेड इन यूएसए’ हा जुना विनोद आहे. इथल्या मालावरच्या ‘यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावतात. ‘यूएस-आस्की’ पाहून आम्हांला तोच आठवला. पण विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. एक भाषा म्हणजे एक संकेतन हे समीकरण ज्याने मांडले, त्याने उल्हासनगर पाहिले नव्हते. इथे सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात आणि देवनागरीतही, आणि लिपीचा हा वाद फाळणीनंतर पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. आमच्या एका सिंधीभाषक सहकाऱ्यांनी यादीवर एकदा दोन्ही लिप्यांत एकच मजकूर पाठवला. दप्तरात दोन्ही लिप्या सारख्याच दिसल्या, प्रश्नचिन्हांच्या.

दुरुस्ती एका ओळीची होती. सर्व्हरवरच्या मांडणीच्या फायलीत ‘इंग्रजीसाठी यूटीएफ-८ वापरावे’ असे लिहायचे. त्या ओळीवर आमचा अधिकार नव्हता, म्हणून अर्ज, विनंत्या, पुन्हा अर्ज. इथे प्रणालीवर अन्याय करायला नको. बदलायची सोय तिच्यात पहिल्यापासून होती. उणीव होती ती ‘हे बदलायला हवे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाची.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. बदलापूरला राहणारे आमचे एक ज्येष्ठ सर निवृत्तीनंतर यादीवर नेमाने लिहीत. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतल्या आणि काडेपेटीच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना नारायण सुर्वे शिकवताना वर्गात काय घडते, हा त्यांच्या पत्रांचा विषय. कोणत्या ओळीला मुले हसली, कोणत्या ओळीला एखादा मुलगा उठून बाहेर गेला, याच्या नोंदी. २०११ च्या पावसाळ्यात सर गेले. शोकसभेत वाचायला म्हणून आम्ही दप्तर उघडले, तर सत्तावीस पत्रांची सत्तावीस पाने प्रश्नचिन्हांनी भरलेली. सरांच्या संगणकाची विक्री झाली होती. सभासदांपैकी बहुतेकांनी पत्रे पुसून टाकली होती. सहा वर्षांपूर्वीचा लगदा पुन्हा हातात आल्यासारखे वाटले.

ती पत्रे वाचली, आणि ती कशी वाचली हे महत्त्वाचे आहे. ही प्रणाली दप्तराची दिसणारी पाने वेगळी बनवते आणि आलेली मूळ पत्रे जशीच्या तशी एका सलग फायलीत साठवते. प्रश्नचिन्हे पानांवर होती, मूळ फायलीत नव्हती. संकेतनाची ओळ बदलल्यावर त्या फायलीवरून सगळी पाने नव्याने तयार करता आली. पोथीच्या नकलेत पाठ भ्रष्ट झाला असेल तर आधीची प्रत शोधावी, हे आम्ही पाठचिकित्सेच्या तासाला शिकवत होतो. स्वतःच्या दप्तराबाबत ते आम्हांला सुचायला वर्ष जावे लागले.

दुसरा बिघाड आकाराचा. एका पत्राचा कमाल आकार या प्रणालीत मुळातच ४० किलोबाइट ठेवलेला असतो. त्याहून मोठे पत्र अडवून ठेवले जाते. इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्याची पाच-पाच पानी पत्रे सुखरूप जात आणि आमची अडत. हिशेब केल्यावर उलगडा झाला. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे. प्रवासासाठी त्यांचे पुन्हा साध्या रोमन चिन्हांत रूपांतर होते. तेव्हा पद्धतीनुसार एका चिन्हाची चार किंवा नऊ चिन्हे होतात. शिवाय बहुतेक मेल-सेवा साधा मजकूर आणि त्याचीच सजवलेली प्रत असे दोन्ही पाठवतात. म्हणजे ४० किलोबाइटांत मराठीचे जेमतेम आठशे शब्द. सविस्तर लिहिणाऱ्या मराठी माणसाला यंत्र ‘पाल्हाळ लावू नका’ असे सांगत होते, आणि आम्ही कित्येक महिने सभासदांना ‘चित्रे जोडू नका’ अशा सूचना देत बसलो होतो! मर्यादा वाढवणे हे एका आकड्याचे काम आहे. पण तो आकडा कुणी, कोणती भाषा डोळ्यांपुढे ठेवून लिहिला, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारायचा आहे.

तिसरे काम शब्दांचे. यादी सभासदाशी सतत बोलत असते. स्वागत करते, पत्र अडवल्याचे कळवते, नाव कमी केल्याची पोच देते. हे सगळे नमुने इंग्रजीत असतात, पण प्रत्येक यादीला आपले वेगळे नमुने ठेवता येतात. आम्ही ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मराठीत करून घेतले. उपयोजित मराठीचा इतका जिवंत तास आम्ही त्याआधी घेतला नव्हता. ‘अनसबस्क्राइब’साठी एकीने ‘यादीतून नाव काढा’ असे सुचवले आणि वर्ग हसला, कारण आईबापांचे नाव काढणे वेगळे आणि यादीतून काढणे वेगळे. ‘सदस्यत्व रद्द करा’ हे शिक्षेसारखे वाटले. अखेर ‘यापुढे टपाल नको’ हे ठरले. ‘बाउन्स’ला कुणी कोशातून ‘उसळी’ आणली. आम्ही ‘परत आलेले टपाल’ ठेवले. ‘डायजेस्ट’ला ‘सारसंग्रह’ म्हणणे चूक होते, कारण त्यात सार काढलेले नसतेच, नुसता गठ्ठा असतो. म्हणून ‘दिवसाचा गठ्ठा’. यादीचा पत्ता गुप्त प्रतीच्या रकान्यात घातला तर पत्र अडते आणि ‘गंतव्य गर्भित आहे’ अशा अर्थाचे कारण येते. अभिधा, लक्षणा, व्यंजना पाठ असलेल्या मुलांनी तत्काळ जाहीर केले की यंत्राला व्यंजना कळत नाही.

एका शब्दाने मात्र आमचे वागणे बदलले. ‘मॉडरेटर’ला ‘नियंत्रक’ हा शब्द सहज सुचला होता. आम्ही ‘संपादक’ असा केला. नियंत्रक पत्र अडवतो आणि गप्प राहतो. संपादकाला पत्र परत करताना कारण लिहावे लागते. त्या दिवसापासून कारण लिहिल्याशिवाय आम्ही एकही पत्र नाकारले नाही.

उत्तर कुणाकडे जावे, हीही मांडणीतली एक निवड असते. प्रणालीचा सल्ला असा की उत्तर पत्र लिहिणाऱ्याकडेच जावे, सगळ्यांकडे नको. त्यामागे शहाणपण आहे, पण समीक्षेच्या यादीवर त्याने चर्चाच खुंटते. प्रत्येक आक्षेप खासगी कुजबुज होतो. आम्ही उत्तरे यादीकडे वळवली. आठवड्याच्या आत एका सहकाऱ्याने एका ज्येष्ठांच्या निबंधाविषयीचे खासगी मत अनवधानाने सगळ्यांना पाठवले. ते ज्येष्ठ यादी सोडून गेले, परत आले नाहीत. तो बदल आम्ही तसाच ठेवला. तो बरोबर होता का, यावर आमच्यात आजही दोन मते आहेत. पण त्याची जबाबदारी आमची आहे. ‘सॉफ्टवेअरमुळे झाले’ असे आम्ही म्हणत नाही.

चौथा बिघाड २०१४ चा, आणि तो आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटतो. बनावट पत्रांना आळा घालण्यासाठी मेल-सेवा आता पत्रावर एक अदृश्य मोहोर उमटवतात. तिला डीकिम म्हणतात. मजकुरात एक शब्द जरी मागाहून घुसला तरी मोहोर जुळत नाही. मोहोर जुळली नाही आणि पत्र भलत्या सर्व्हरवरून आले तर काय करायचे, हे सांगणारे धोरण म्हणजे डीमार्क. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आणि पाठोपाठ एओएलने ‘अशी पत्रे नाकारा’ असे कडक धोरण लावले, आणि जगभरच्या टपालयाद्या अडखळल्या. टपालयादी करते तेच मुळी हे असते. दुसऱ्याच्या नावाचे पत्र आपल्या सर्व्हरवरून पाठवते आणि वर आपला मजकूर जोडते.

आमच्या यादीत प्रत्येक पत्राखाली ‘मराठीत लिहा, मराठीत उत्तर द्या’ अशी तळटीप जोडलेली होती. मोठ्या अभिमानाने आम्हीच ती घातली होती. मोहोर मोडत होती ती याच तळटीपेने. नाकारलेली पत्रे परत येत आणि प्रणाली त्याचा दोष पाठवणाऱ्याला न लावता घेणाऱ्याच्या नावावर लिहीत असे. रोज फार तर एक गुण, पाच गुण झाले की त्याचे टपाल बंद. परतटपालाचे हे नियम आम्ही कधी वाचलेच नव्हते, ही चूक सर्वस्वी आमची. मे महिन्याच्या सुट्टीत यादीतले कित्येक निर्दोष सभासद गप्पपणे बाद झाले, आणि जूनमध्ये आम्ही ‘हल्ली कुणी वाचत नाही’ म्हणून हळहळत होतो.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि या पाठात कुणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. प्रक्षेप कसा शिरतो हे आम्ही त्या निमित्ताने वर्गात शिकवतो. लेखकाच्या पत्राखाली आपले घोषवाक्य जोडणारे आम्ही त्याच जातीचे प्रक्षेपकार होतो. तळटीप काढली, विषयापुढे लागणारे यादीचे नाव काढले. मेलमॅनच्या त्याच वर्षी आलेल्या २.१.१८ या आवृत्तीत एक सोय झाली. ज्यांच्या मेल-सेवेचे धोरण कडक आहे, त्यांच्याच पत्राच्या ‘प्रेषक’ रकान्यात यादीचा पत्ता घालता येऊ लागला. तेव्हा लेखकाच्या नावापुढे ‘व्हाया’ आणि मग यादीचे नाव, असे दिसते. एका कवयित्री सभासदांना हे रुचले नाही. कविता माझी, ती ‘व्हाया’ कशी, असा त्यांचा सवाल होता. आम्ही नियम केला की प्रत्येकाने मजकुराखाली जुन्या पत्रासारखे नाव आणि गाव लिहावे. लेखकत्व कुठे नोंदवायचे, हा प्रश्न एरवी कोणत्या तंत्रज्ञाने आम्हांला विचारला असता?

आणखी एक बारकावा, शोधाचा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी आणि नंतरही पुष्कळांनी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. त्यामुळे आमच्या दप्तरात ॲरिस्टॉटल शोधला तर अर्धाच सापडतो. पाठभेदांची सूची करणाऱ्याला हे काम परके नाही. आम्ही अशा जोड्यांचा तक्ता केला आहे. तो अजून अपुरा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आता व्हॉट्सॲपचा गट आहे, एवढी यातायात कशाला? गटाची सोय आम्हीही वापरतो. परीक्षेचे वेळापत्रक कळवायला ती उत्तम. पण तिथे काय किती काळ राहील, कसे शोधता येईल, हे ठरवण्यात आपला वाटा नसतो. मोफत जागेचा भरवसा किती, हे याहू ग्रुप्सने दाखवले आहे. तिथला साठलेला मजकूर आधी काढून टाकला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद झाली. आपली प्रणालीही अमर नसते. मेलमॅनची जुनी आवृत्ती ज्या पायथन २ वर उभी होती, त्याचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला आणि आम्हांला पुढच्या वर्षी मेलमॅन ३ कडे जावे लागले. नव्या घरात जाताना फक्त एक वस्तू जपून न्यायची होती, ती मूळ पत्रांची फाइल. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२ चा लेख अभ्यासकांना वाचता आला, बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’त जुनी मराठी पुस्तके सांभाळलेली आहेत. ती सांभाळणारी माणसे होती म्हणून. आमच्या पत्रांना तेवढे भाग्य आपोआप लाभणार नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. पण ज्या विभागाला आपल्या टपालयादीचे संकेतन कोणते हे सांगता येत नाही, त्याने या दर्जाचे फलक लावण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्ही सुचवतो. यादीची भाषा आणि संकेतन काय आहे. पत्राच्या आकाराची मर्यादा मराठीला पुरते का. मूळ पत्रांची फाइल कुठे आहे, आणि तिची दुसरी प्रत विभागात कुणाकडे आहे. आणि नमुन्यांचे मराठीकरण विद्यार्थ्यांकडे सोपवावे, गुणांसह.

गेल्या वर्षी तासिकेवरच्या एका नव्या सहकारी मॅडमना तृतीय वर्षाला सुर्वे शिकवायचे होते. त्यांनी दप्तरात सरांची पत्रे शोधली, छापून वर्गात नेली. तास झाल्यावर त्यांनी यादीवर चार ओळी लिहिल्या, कोणत्या ओळीला मुले गप्प झाली त्याच्या. खाली नाव आणि गाव.